रॅम वाढवण्याआधी: लॅपटॉप उघडण्यापूर्वीची तयारी

लॅपटॉपमध्ये रॅमची स्टिक बसवणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. माणूस फसतो तो खरेदीत. स्टिक घरी येते आणि कळतं की मशीनमध्ये स्लॉटच नाही. डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी) मागवलेली असते आणि लॅपटॉप डीडीआर४ चा निघतो. किंवा सगळं बसतं, चालतं, पण महागडी ३२०० वेगाची स्टिक २४०० वर धावते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या.

रॅमच कमी पडतेय ना?

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि मेमरीवर क्लिक करा. मशीन चालू केल्या केल्या हे बघण्यात अर्थ नाही. नेहमीचं काम भरात असताना बघा: ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, एक्सेल, टॅली, वर एखादी व्हिडिओ मीटिंग. 'इन यूज' ८ पैकी ६ जीबी दिसलं तर घाबरू नका, तेवढं होतंच. 'अव्हेलेबल' अर्ध्या-पाऊण जीबीवर येऊन टेकलंय का ते बघा आणि त्याच वेळी 'कमिटेड'वर नजर टाका. तिथे तिरप्या रेघेच्या अलीकडचा आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर असेल, समजा ८ जीबीच्या मशीनवर १३, तर विंडोज जास्तीचा भार डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये ढकलतंय. टॅब बदलताना मशीन दोन-तीन सेकंद अडखळतं ते यामुळेच.

त्याच खिडकीत डिस्कचा प्रकार एचडीडी दिसत असेल आणि वापर सतत १०० टक्क्यांना चिकटलेला असेल, तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, रॅमचं नंतर बघू. जुन्या फिरत्या डिस्कच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम टाकूनही विंडोज सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो, आणि मग रॅमला शिव्या बसतात.

८ जीबी बसवलेली असताना फक्त ५.९ जीबी वापरण्याजोगी दिसते अशी तक्रार एएमडी रायझनच्या मशीनवर नेहमीची. स्टिक खराब नसते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी बायोसने (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) त्यातली २ जीबी बाजूला काढून ठेवलेली असते. काही बायोसमध्ये हा वाटा कमी करता येतो, पुष्कळांत येत नाही. अशा मशीनवर ८ चे १६ केल्याचा फरक जास्त जाणवतो.

किती घ्यायची? ऑफिस, ब्राउझर, डीटीपी, अकाउंट्स यासाठी १६ जीबी भरपूर. व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर किंवा मोठी व्हिडिओ एडिटिंग असेल तर ३२. त्यापुढे काय करायचंय हे ज्याला नेमकं माहीत आहे त्यानेच जावं. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे 'असू दे पुढे लागेल' म्हणून दुप्पट घेणं आता परवडत नाही.

स्लॉट आहे का, आणि किती

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडिम' लिहिलं असेल तर काढता-घालता येणारी स्टिक आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. दुकानात तिला 'ऑनबोर्ड' म्हणतात. पण एवढ्यावर खरेदी करू नका. स्लॉटचा आकडा बायोस सांगतो तो, आणि बायोस बेधडक चुकीचं सांगतो. पूर्ण सोल्डर केलेल्या मशीनवरही 'दोनपैकी दोन' किंवा 'आठपैकी आठ' असं दिसतं; ते मेमरीचे चॅनल (प्रोसेसरकडे जाणारे मार्ग) असतात, स्लॉट नव्हेत. अर्धी सोल्डर, अर्धी स्लॉटमध्ये अशा मशीनवर तर हा आकडा हमखास गोंधळात टाकतो.

खात्रीचा कागद म्हणजे कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवो त्याला हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणते, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड, डेल सर्व्हिस मॅन्युअल. तिन्ही कंपन्यांच्या सपोर्ट साइटवर फुकट मिळतात. लेनोवोची 'पीएसरेफ' नावाची वेगळी साइट आहे, तिथे प्रत्येक मॉडेलच्या पानावर मेमरी सोल्डर आहे की नाही, स्लॉट किती, कमाल किती जीबी, हे थेट लिहिलेलं असतं. शोधताना तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका. 'एचपी पॅव्हेलियन १५' किंवा 'आयडियापॅड स्लिम ३' एवढ्या नावाखाली वेगवेगळ्या वर्षांची डझनभर वेगळी मशीनं विकली गेली आहेत.

एका अक्षराने किती फरक पडतो ते रिफर्बिश्ड बाजारात रोज दिसतं. लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० मध्ये दोन स्लॉट आहेत, दोन्ही मोकळे करता येतात. टी४८०एस मध्ये काही रॅम बोर्डावर आणि एकच स्लॉट. त्यानंतरच्या टी४९० मध्येही तसंच. टी४८० च्याच पिढीच्या एक्स२८० मध्ये सगळीच सोल्डर, स्लॉट नाही. डेलचं लॅटिट्यूड ७४९० दोन स्लॉटचं, त्याचंच छोटं भावंड ७३९० एका स्लॉटचं. एचपी एलिटबुक ८४० जी५ मध्ये दोन. ऑफिसातून निघालेलं मशीन घेताना पुढेमागे रॅम वाढवायची असेल तर हे आधी बघूनच सौदा करा.

काही प्रोसेसर असे आहेत की मॅन्युअल उघडायचीही गरज नाही. रायझन ५ ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ वर चालतो आणि ती सोडिम स्टिकमध्ये येत नाही. म्हणजे तो प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपची रॅम दुकानातून आली तेवढीच. नावाने सख्खा भाऊ वाटणारा ७५३०यू मात्र डीडीआर४ घेतो आणि त्याच्या बऱ्याच मशीनमध्ये स्लॉट असतो. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते. तिथे विषय संपला.

कमाल मर्यादेला दोन टोकं असतात: प्रोसेसर किती पेलतो आणि लॅपटॉपची कंपनी किती सांगते. इंटेलच्या साइटवर प्रोसेसरचा नंबर टाकला की 'मॅक्स मेमरी साइझ' मिळतो. आय५-५२००यू ला १६ जीबी, आय५-८२५०यू ला ३२. कंपनीचा आकडा त्यापेक्षा कमी असेल तर बरेचदा कारण एवढंच की मशीन बाजारात आलं तेव्हा तेवढ्याच क्षमतेच्या स्टिकवर चाचणी झाली होती. २०१२ च्या मध्यातल्या १३ इंची मॅकबुक प्रोला ॲपल ८ जीबी म्हणते, तो १६ व्यवस्थित घेतो. तरी कंपनीच्या आकड्यापलीकडे जायचं तर स्टिक परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आणि ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढचं काही त्याला वापरता येत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' बघून घ्या.

कुठली स्टिक

लॅपटॉपची स्टिक सोडिम आकाराची, साधारण सात सेंटिमीटर लांब. डेस्कटॉपची तेरा सेंटिमीटरच्या वर. ऑनलाइन मागवताना दोन्ही एकाच पानावर दिसतात आणि फोटोत लांबी कळत नाही, म्हणून वर्णनात 'सोडिम' किंवा 'लॅपटॉप' हा शब्द शोधाच.

पिढ्या एकमेकींत चालत नाहीत. डीडीआर३ सोडिमला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. जोर लावला तर स्लॉट मोडतो. डीडीआर३ मध्ये आणखी एक भानगड आहे: साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची, आणि दोन्हींची खाच एकाच जागी. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना एल लागते. त्यात १.५ व्होल्टची स्टिक घुसते खरी, पण मशीन बहुधा उठतच नाही. डीडीआर४ १.२ व्होल्टवर आणि डीडीआर५ १.१ वर चालते.

प्रोसेसरच्या पिढीवरून अंदाज बांधता येतो, पण सहाव्या पिढीची मशीनं डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्हींची आली, आणि बाराव्या-तेराव्या पिढीत डीडीआर४, डीडीआर५ आणि सोल्डर केलेली एलपीडीडीआर असे सगळेच प्रकार आहेत. अंदाजापेक्षा सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. त्याच्या 'मेमरी' टॅबमध्ये प्रकार आणि चालू वेग कळतो, 'एसपीडी'मध्ये प्रत्येक स्टिकची कंपनी, पार्ट नंबर आणि रँक (एकत्र काम करणारा चिपांचा गट). तिथे वेग १२०० मेगाहर्ट्झ दिसला तर दचकू नका, त्याची दुप्पट धरायची: ती २४०० ची स्टिक. लिनक्सवर हीच माहिती डीएमआयडीकोड देतं.

आता स्टिकवरचं लेबल. समजा त्यावर '८जीबी १आर×८ पीसी४-२४००टी' असं आहे. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग. १आर म्हणजे एक रँक, आणि ×८ म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट रुंद. हा शेवटचा आकडा फार कमी लोक बघतात. स्वस्तातल्या ८ जीबी स्टिक पुष्कळदा १आर×१६ असतात: चारच चिप, आतले बँक ग्रुप निम्मे, आणि ग्राफिक्सच्या कामात त्या मागे पडतात. किमतीत थोडाच फरक असेल तर १आर×८ घ्या. काही लेबलांवर वेगाऐवजी बँडविड्थ छापलेली असते. पीसी४-१९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६ आणि २५६०० म्हणजे ३२००.

जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या मशीनमध्ये चालते, ती मशीनच्या वेगावर उतरते. टी४८० ला २४०० लागते. आज बाजारात ३२०० सहज मिळते, बिनधास्त घ्या. दोन वेगवेगळ्या वेगांच्या असतील तर दोन्ही हळूवर चालतात. मात्र गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, एक्सएमपी (वाढीव वेगाची तयार सेटिंग) लिहिलेल्या स्टिकपासून जपा. त्यातल्या काहींचा ३२०० हा वेग एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्यायच नसतो. मग ती गुपचूप २४०० किंवा २१३३ वर बसते. साधी, १.२ व्होल्ट, सीएल२२ लिहिलेली ३२०० ची स्टिक लॅपटॉपसाठी योग्य.

एक की दोन

दोन स्लॉट असतील तर दोन्ही भरा. दोन स्टिक असल्या की मेमरी दुहेरी चॅनलवर चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा होतो, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते. इंटेलच्या अकराव्या पिढीत हे उघडच दिसतं. आय५-११३५जी७ च्या मशीनमध्ये एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव नुसतं 'यूएचडी' येतं. दुसरी घातली की तेच 'आयरिस एक्सई' होतं. बॉक्सवर आयरिस छापलंय आणि मशीन यूएचडी दाखवतंय म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी स्टिक मोजाव्यात.

आत ८ ची एक असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर त्याच वेगाची, त्याच रँकची ८ ची आणखी एक घ्या. ब्रँड तोच हवा असं काही नाही. बोर्डावर ८ आणि एकच स्लॉट असेल तर त्यात १६ घातली तरी चालतं. पहिली १६ जीबी दुहेरी चॅनलवर आणि वरची ८ एकेरीवर चालते. नेहमीच्या वापरात ते कळतसुद्धा नाही. १६ ची एकच घेऊन दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा ठेवायचा हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. ३२ वर जायचं पक्कं असेल तरच तो ऐका.

डीडीआर५ मध्ये १२, २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकही मिळतात. त्यांना मशीनच्या बायोसचा आधार लागतो, जुन्या बायोसवर स्क्रीन काळीच राहते.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. तिथे जुनी स्टिक सोबत घेऊन गेलात तर दुकानदार लेबल बघून जोडी लावून देतो. ऑनलाइन घेतलीत तर परत करण्याची मुदत तपासा. दोन्हीकडे जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. स्टिकवर 'लाइफटाइम वॉरंटी' छापलेलं असलं तरी बिलाशिवाय ती मिळवताना नाकी नऊ येतात.

पाकीट उघडताना सोनेरी पिनांकडे बघा. नव्या स्टिकच्या पिना एकसारख्या चकचकीत असतात. वापरलेलीवर स्लॉटमध्ये घासल्याच्या बारीक उभ्या रेघा दिसतात. नवी म्हणून दिलेल्या स्टिकवर त्या असतील तर परत करा. जुनी म्हणून स्वस्तात घेत असाल तर मात्र रेघांनी काही बिघडत नाही. चिपवरची अक्षरं खरवडलेली असतील किंवा लेबलावरची क्षमता सीपीयू-झेडशी जुळत नसेल, तर नवी-जुनी काहीही असो, घेऊ नका. ईसीसी किंवा रजिस्टर्ड लिहिलेल्या स्टिक सर्व्हरच्या. कितीही स्वस्त मिळाल्या तरी साध्या लॅपटॉपच्या कामाच्या नाहीत.

उघडण्याआधी, मशीन चालू असतानाची कामं

वॉरंटी चालू असेल तर कंपनीला एक फोन करून विचारा की तळ उघडल्याने ती जाते का. काही कंपन्या रॅमला ग्राहकाने स्वतः बदलायचा भाग मानतात, काहींचा स्क्रूवर स्टिकर असतो.

बॅकअप घ्या. रॅम बदलल्याने डेटा जात नाही, पण हाताखालून केबल निसटते, एसएसडीला धक्का लागतो.

बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की शोधून मोबाईलवर किंवा कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू असू शकतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. नुसत्या रॅमने की मागितली जात नाही सहसा. बायोस अपडेट केला किंवा त्याच्या सेटिंग मूळपदावर गेल्या, तर ४८ आकडी की मागून मशीन अडून बसतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर सापडते, पण तेव्हा दुसरं मशीन हाताशी हवं.

बायोस अपडेट करायचाच असेल तर जुन्या रॅमवर आत्ताच करा, चार्जर लावून आणि आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करून.

बंद करताना शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोजचं फास्ट स्टार्टअप अर्धी अवस्था डिस्कवर ठेवून झोपतं. हायबरनेट केलेल्या मशीनची रॅम बदलली तर उठताना तो जुना ठसा जुळत नाही आणि सुरुवातीलाच घोळ होतो. सी ड्राइव्हवर दहाएक जीबी मोकळी ठेवा, कारण रॅम वाढली की हायबरनेशनची फाईल आणि पेजफाईल फुगतात. लिनक्सवर हायबरनेट वापरत असाल तर स्वॅपही त्या मानाने वाढवावा लागेल.

थिंकपॅडसारख्या मशीनमध्ये बॅटरी आत असते आणि बायोसमध्ये 'कॉन्फिग', 'पॉवर' इथे 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' असा पर्याय असतो. तो निवडला की मशीन बंद होतं आणि चार्जर परत लावेपर्यंत बॅटरी वीज देत नाही. टी४८० ला मागे आणखी एक बॅटरी आहे, ती हाताने काढायची.

टेबलावर

पीएच० आकाराचा चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचं ओपनर किंवा गिटारचं पिक, एक कोरा कागद आणि सेलोटेप एवढं पुरतं. काही मशीनना टॉर्क्स टी५ लागतो, मॅन्युअलमध्ये बघा. चष्म्याच्या सेटमधला बारीक ड्रायव्हर वापरला की स्क्रूच्या डोक्याची खाच गोल होते, आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही.

कागदावर तळाचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. सगळे एका वाटीत टाकायची सवय महागात पडते. पुढच्या कडेचे स्क्रू बहुधा आखूड असतात; तिथे मागचा लांब स्क्रू पिळला तर तो पामरेस्टला आतून फुगवटा आणतो किंवा टचपॅडला भिडतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर ओढू नका, रबरी पायांखाली चाचपा. एचपीच्या पुष्कळ मॉडेलमध्ये लांब रबरी पट्टीखाली दोन-चार स्क्रू लपवलेले असतात. काही स्क्रू झाकणातच अडकून राहतात, ते सैल झाले की झालं.

ओपनर बिजागरीजवळच्या फटीतून घाला आणि कडेने सरकवत क्लिप एकेक करून सोडवा. सुरी किंवा सपाट स्क्रूड्रायव्हर घातला की प्लास्टिकवर कायमचा ओरखडा. झाकण एकदम उचलू नका. क्वचित त्याला आतून केबल जोडलेली असते.

सतरंजी, पलंग, गालिचा नको. लाकडी टेबल बरं. आत हात घालण्याआधी धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावा. पावसाळ्यात स्थिर विजेची भीती कमी, पण घामेजलेली बोटं पिनांना लागतात, म्हणून स्टिक कडेनेच धरा. बॅटरीची केबल बोर्डावरून काढा (वायरीला ओढायचं नाही, कनेक्टर सरकवायचा) आणि मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा.

रॅमवर पत्र्याचं झाकण किंवा काळी फिल्म असू शकते. ती हळू उचला, फाडू नका. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिप बाहेर ताणल्या की जुनी स्टिक आपोआप तिरपी उभी राहते. नवी तशीच तिरपी, साधारण तीस अंशात, खाच जुळवून आत सरकवा. सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. अर्धी सोनेरी पट्टी बाहेर दिसत असताना खाली दाबली तर क्लिप लागते पण संपर्क होत नाही. रॅम 'दिसत नाही' अशा तक्रारींच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं. मग दोन्ही कडा दाबा, दोन्हीकडून 'टक' आवाज यायला हवा.

पहिल्यांदा चालू करताना

बॅटरी जोडा आणि सगळे स्क्रू लावायच्या आत एकदा चालू करून बघा. स्क्रीन लगेच आली नाही तर थांबा. मशीन नव्या मेमरीला जुळवून घेतं. डीडीआर५ वर याला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळात पॉवर बटण दाबून बंद केलं की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पाच-सात मिनिटांनंतरही काळोखच असेल किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक लयीत मिचमिचत असेल (कुठली लय म्हणजे कुठली चूक, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं), तर बॅटरी काढून स्टिक पुन्हा बसवा. मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते उलगडतं. खोडरबराने पिना घासायचा दुकानी उपाय जुन्या, काळवंडलेल्या स्टिकवर चालतो, पण मऊ पांढरा रबर घ्या, लॅपटॉपपासून लांब घासा आणि चुरा झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळत असेल तर तेच बरं.

बायोसमध्ये पूर्ण क्षमता दिसली, टास्क मॅनेजरमध्ये वेग जुळला, की रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास लागतात. एकही चूक चालत नाही. एक जरी लाल ओळ आली तरी परतीच्या मुदतीत स्टिक बदलून घ्या. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पटकन होतं, पण बारीक दोष त्याच्या हातून सुटतात.

काढलेली जुनी स्टिक नवीच्या पाकिटात घालून वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. मशीन सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर तीच परत लावून द्या, कारण बाहेरची रॅम आत दिसली की बिघाड कशाचाही असो, पहिलं बोट तिच्याकडे जातं.